पोस्ट टाकून लष्कर हटतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

म्यानमारबद्दल काही शेअर केलं की कोणीतरी विचारतंच, अगं पोस्टी टाकून कधी लष्कर हटतं का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते.

मी रत्नागिरीची, इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या (म्हणजे आजच्या म्यानमारच्या) राजाला आणून ठेवलं तो थिबा पॅलेस बघत मोठी झाले, त्यामुळे ब्रह्मदेशाचं नाव निघालं की माझे कान टवकारतात. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथे लष्कराने सत्ता बळकावली. दुसऱ्याच रात्री ८ वाजता यांगून या तिथल्या सगळ्यात मोठ्या शहरात लोक खिडक्यांत, गॅलऱ्यांत येऊन भांडी बडवायला लागले, तिकडे भूतबाधा घालवायला असंच करतात. आता आठ वाजता आणि भांडीच, हे इतक्या घरांत पोचलं कसं? मुख्यतः फेसबुकवरून, तिथे कित्येकांसाठी इंटरनेट म्हणजेच फेसबुक. मग ४ तारखेला लष्कराने फेसबुक बंद केलं, लोक व्हीपीएन (बंदी चुकवायचं ॲप) लावून ट्विटरवर गेले तर तेही बंद, १५ फेब्रुवारीपासून रोज रात्री १ ते सकाळी ९ नेटच गायब, १५ मार्चपासून मोबाईल डेटा बंद. पोस्टींनी काहीच होत नसतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? आणि डेटा बंद असतानाच २४ मार्चला निषेध म्हणून शहरंच्या शहरं घरात बसली, रस्ते ओस.

लष्कर हटलं नाही, हे खरंय. आणि लोकांनी किंमत फार मोजली. कायद्यात ५०५-अ कलम घातलं, भीती किंवा खोट्या बातम्या पसरवल्या म्हणून ३ वर्षांपर्यंत तुरुंग. रस्त्यात अडवून फोन तपासायला लागले. को जिमी, १९८८ च्या विद्यार्थी आंदोलनातला नेता, त्याच्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये वॉरंट निघालं ते सोशल मीडियावरच्या पोस्टींसाठी, आणि जुलै २०२२ मध्ये दहशतवादाच्या आरोपाखाली त्याला फाशी दिली. हे लिहिताना अजूनही हात थांबतो.

पण एक गोष्ट लपवायची नाही मला. याच फेसबुकवरून आधी रोहिंग्यांविरुद्ध, म्हणजे तिथल्या मुस्लिम अल्पसंख्याकांविरुद्ध, विष पसरवलं होतं, त्यात लष्कराच्या माणसांनी चालवलेली खोटी पेजेसही होती, आणि २०१७ मध्ये लाखो रोहिंग्या बांगलादेशात पळाले तेव्हा देशातले बहुतेक लोक गप्पच होते. सत्तापालटानंतर त्या गप्प राहिलेल्यांतल्या कित्येकांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली, फेसबुकवरच, सगळ्यांसमोर. भांड्यांच्या आवाजापेक्षा मला हे मोठं वाटतं.

म्हणून मी शेअर करत राहणार. तुम्हीही करा, फक्त तिथल्या साध्या लोकांचे चेहरे दिसत असतील तर आधी झाका आणि नावं काढून टाका, कारण तिथे फोटोवरून माणूस शोधतात.