सात सुताचं हँडल

सकाळी ऑफिसात हजेरीपटावर सही करायला पेन उचललं आणि ते बोटांतून निसटून खाली पडलं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर झालं होतं. दहा मिनिटं हात चोळला तेव्हा कुठे नीट सही करता आली.

माझा रोजचा प्रवास असा: सांगलीतल्या विश्रामबागेतून मिरज जंक्शनपर्यंत सायकल, तिथे सायकलची घडी, कोल्हापूरची पॅसेंजर आणि उतरल्यावर पुन्हा चार किलोमीटर सायकल. वीस इंची चाकांची ही घडीची सायकल माझी फार लाडकी आहे. तिच्यामुळे रिक्षा आणि स्टँडवरची गर्दी दोन्ही सुटलं. म्हणून हात दुखतो या कारणासाठी ती सोडून द्यायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

आधी जेलचे हातमोजे आणले. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नेमकी कोणती बोटं?" अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दबणारी नस वेगळी असते. करंगळी आणि अर्धी अनामिका म्हणजे अल्नर नर्व्ह. ही नस मनगटात करंगळीच्या बाजूने जाते आणि सरळ हँडलवर भार टाकला की तळव्याचा नेमका तोच भाग दबतो. मग त्यांनी माझ्या दोन्ही मुठींत एकेक पेन दिलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा, सायकल धरल्यासारखे हात पुढे करा, आणि आता बघा." दोन्ही पेनं एका रेषेत नव्हती. बाहेरची टोकं माझ्याकडे झुकली होती. माझ्या सायकलचं हँडल मात्र फूटपट्टीसारखं सरळ. म्हणजे मी रोज मनगट वाकडं करून सायकल चालवत होते.

तरी लगेच हँडल बदललं नाही, आणि तेच बरं झालं. सीटचं टोक मी कधीतरी कुणाच्या सांगण्यावरून खाली झुकवलं होतं. शेजारी बांधकाम चाललंय, तिथल्या गवंड्याची पाणसळ मागून आणली आणि सीटवर ठेवली, तर बुडबुडा पार एका टोकाला. अशा सीटवरून माणूस सतत पुढे घसरतो आणि सगळा भार हातांवर येतो. सीट सपाट केली. मग हँडलचा उभा दांडा तीन सेंटिमीटर वर घेतला, अर्थात त्याच्यावरच्या खुणेच्या आत राहून. ती खूण दिसेपर्यंत दांडा कधीच वर ओढायचा नाही, कारण आत पुरेशी लांबी उरली नाही तर तो मोडू शकतो. टायरमध्ये मी 65 पीएसआय ठासून भरत होते, ते पुढे 45 आणि मागे 50 केलं. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं, त्यात हवा कडक असली की प्रत्येक धक्का थेट मनगटात. एवढ्याने निम्मं दुखणं गेलं. बधिरपणा मात्र राहिला.

आता हँडल. ब्रॉम्प्टनसारखी कंपनी एकाच सायकलला लो, मिड आणि हाय अशी हँडलं देते. माझ्या साध्या सायकलला तसा पर्याय नव्हता. वखारभागातल्या सायकलवाल्या मामांच्या दुकानात वर टांगलेल्या जुन्या हँडलांमध्ये एक मागे वळलेलं दिसलं. लेकीच्या कोनमापकाने मोजलं, साधारण 30 अंश. हातात धरलं आणि मनगट अगदी मोकळं पडलं. मामांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला आणि मान हलवली. "ताई, हे सात सुती हाय. तुमचा क्लॅम्प एक इंची. एक सूत खेळ ऱ्हातोय, कसं बसंल?"

खरंच होतं. क्लॅम्प म्हणजे दांड्यावर हँडल पकडून ठेवणारा भाग आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर आणि सात सूत म्हणजे 22.2. त्या एका सुतासाठी मी कुपवाड एमआयडीसीत एका लेथवाल्यांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बुश पायजे म्हना की." अॅल्युमिनियमच्या दांड्यातून त्यांनी बुश, म्हणजे मधली फट भरणारी छोटी नळी, काढला. आतून 22.2, बाहेरून 25.4, म्हणजे भिंत फक्त 1.6 मिलिमीटरची. पण अखंड बुश हँडलच्या वळणावरून मधोमध सरकेना. मग त्यांनी तो हेक्सा ब्लेडने उभा चिरून दोन अर्धे केले. मला वाटलं, सगळं वाया गेलं. उलट तेच हवं होतं. पात्याने खाल्लेली जी बारीक फट राहिली, तिच्यामुळेच क्लॅम्प आवळल्यावर बुशाला हँडल घट्ट पकडायला वाव मिळाला.

घरी आणून सगळं बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. मिरज रोडवरच्या एका खड्ड्यात आदळले आणि हँडल हातातल्या हातात खाली फिरलं. पडले नाही, पण काळजाचा ठोका चुकला. बाजूला उभी राहून बुश काढला, तर बोटांना तेल लागलं. लेथवरचं तेल पुसायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं. संध्याकाळी सगळं स्पिरिटने पुसून कोरडं केलं. बोल्ट एकदम एकच आवळत न बसता आळीपाळीने थोडे थोडे आवळले. आणि लेकीच्या लाल नेलपॉलिशने क्लॅम्पवरून हँडलवर एक सलग रेघ ओढली. हँडल केसभर जरी फिरलं तरी रेघ तुटलेली दिसते.

ब्रेकच्या वायरींचं काम वेगळंच निघालं. दांडा वर गेला, हँडल मागे आलं, त्यामुळे वायरींची वळणं बदलली. डावीकडे पूर्ण वळवलं की मागचा ब्रेक आपोआप लागायचा. मामांनी लांब आउटर, म्हणजे वायरीवरचं आवरण, टाकलं. मग मी हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, चाक उचलून फिरवून पाहिलं.

आणि मग घडी! घडीच्या सायकलवर प्रत्येक बदल आधी घडी घालून तपासायला हवा, हे मला इथे कळलं. दांडा बिजागरीतून दुमडला की हँडल पुढच्या चाकाशेजारी उभं राहतं. नव्या हँडलचं खालचं टोक थेट जमिनीला टेकत होतं आणि घडी तिरकी होऊन पडत होती. पॅसेंजरच्या दारापाशी तिरकी सायकल म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्रास. दोन्ही टोकांना 20-20 मिलिमीटर कापलं. कापताना कागदाची पट्टी गुंडाळून खूण केली म्हणून काप सरळ आला. आतल्या धारा कानशीने मारल्या आणि टोकांना बुचं बसवली. उघडी नळी पडताना पोटात घुसू शकते, तिथे आळस नको. तळव्याला टेकू देणाऱ्या रुंद ग्रिप घातल्या. त्या दोन-तीन वेळा फिरवून कोन जमवावा लागला. ब्रेकच्या लिव्हर अशा ठेवल्या की कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ राहील.

गेल्या रविवारी हरिपूरला गेले, संगमापर्यंत. रस्त्यावर चिंचांची सावली होती आणि मी बऱ्याच दिवसांनी हाताकडे लक्ष न देता चालवत होते. सोमवारी हजेरीपटावर पहिल्या झटक्यात सही केली. पंधरा किलोमीटरच्या पुढे करंगळीला थोड्या मुंग्या येतात अजून. आता सीट एक बोट मागे सरकवून बघणार आहे.