विटांवरची मारुती

"दादा, लवकर या. पोरगं गाडीखाली हाय. गिअरबॉक्स अंगावर धरलाय, सोडता येईना म्हणतोय."

2019 च्या दिवाळीची सुट्टी. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं माझं गॅरेज बंद होतं, मी घरी फराळाला बसलो होतो. शाहूपुरीतल्या ओळखीच्या वहिनींचा फोन आला आणि ताट तसंच सारून उठलो. वहिनींना एवढंच सांगितलं, "त्याला म्हणावं अजिबात हलू नको. आणि गाडीला कुणीही हात लावू नका." वाटेत गॅरेजचं शटर उघडलं, दोन स्टँड आणि ट्रॉली जॅक शेजाऱ्याच्या टेम्पोत टाकला.

गाडी मारुती 800. ऑगस्टच्या महापुरात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 43 फूट. त्या पाण्यात ही गाडी दोन दिवस बुडून होती. नंतर त्यांनी कुणाकडून तरी इंजिनाचं ऑईल बदललं, वायरिंग सुकवलं, इंजिन सुरूही झालं. पण गिअर पडेना. बंद इंजिनवर चारही गिअर लोण्यासारखे पडायचे, इंजिन सुरू केलं की नुसता करकराट. क्लच सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही, त्याची ही खूण. पोरगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल. निदान त्यानं बरोबर केलं होतं आणि स्वतःच गिअरबॉक्स उतरवायला घेतला होता.

अंगणात पाय ठेवला आणि पोटात गोळा आला. पुढची बाजू भाजक्या विटांच्या दोन थप्प्यांवर. डावीकडच्या थप्पीतली मधली वीट उभी चिरली होती, तिचा तांबडा चुरा फरशीवर पडला होता. दुसरा आधार म्हणजे गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक, तोही तिरका, कारण खाली तेल. गिअरबॉक्समधलं तेल न काढताच त्यानं एक्सल, म्हणजे चाकांकडे जाणारे दांडे, ओढले होते. तेल बाहेर आलं, ते दुधाच्या चहासारखं. म्हणजे पुराचं पाणी गिअरबॉक्समध्येही गेलेलं.

पोराचे नुसते पाय दिसत होते. "काका, हात भरून आलेत," एवढंच बोलला.

अशा वेळी आधी गिअरबॉक्सला हात घालावासा वाटतो, कारण पोरगं त्याच्यामुळे अडकलेलं दिसतं. पण जीव घेईल ती सहा-साडेसहाशे किलोची गाडी. म्हणून आधी मागच्या चाकांना दगड लावले. मग स्टेपनी काढून दाराखालच्या कडेखाली आडवी सरकवली, म्हणजे वीट फुटलीच तर गाडी त्याच्या छातीवर न येता टायरवर बसेल. नंतर फरशीवर राख टाकली, ट्रॉली जॅक चेसिसला लावून अगदी नखभर उचल दिली आणि दोन्ही बाजूंना स्टँड लावले. गाडी स्टँडवर पक्की बसली, तेव्हा मी श्वास सोडला. शेवटी जॅकवर फळी ठेवून गिअरबॉक्सखाली घातला आणि म्हटलं, "आता सोड. हळूच."

बाहेर आला तेव्हा दोन्ही हात कोपरापासून थरथरत होते. वहिनी काही बोलल्या नाहीत, पदरानं त्याच्या तोंडावरचं तेल पुसत राहिल्या. मीही तेव्हा रागावलो नाही. पाणी पी म्हटलं, मग शेजारी बसवून दाखवलं.

बेल हाउसिंग म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं क्लचवरचं आवरण. त्याचे सगळे बोल्ट त्यानं काढले होते, गिअरबॉक्स गाडीला धरून ठेवणारं माउंटिंगही. इंजिनाला मात्र खालून आधार दिला नव्हता. माउंटिंग सुटलं की इंजिन त्या बाजूला कलतं आणि गिअरबॉक्सचं सगळं वजन मेन शाफ्टवर लोंबकळतं. शाफ्ट अजून क्लच प्लेटच्या दात्यांत अडकलेला. तो ओढून सुटत नाही, नुसता प्लेटचा मधला भाग वाकवतो. सुटला तर खाली झोपलेल्याच्या अंगावर. मी ऑईल चेंबरखाली फळी घालून कात्री जॅकनं इंजिन किंचित उचललं. इंजिन आणि गिअरबॉक्समधली फट सगळीकडे सारखी झाली, आणि तोच गिअरबॉक्स दोन बोटांनी हलवत सरळ बाजूला आला. पोरगा बघतच राहिला.

बेल हाउसिंगमध्ये वाळलेला गाळ होता, पापुद्रे सुटलेला, त्यात गवताची एक काडी. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट काढले तरी क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, चिकटूनच. गंजानं धरलेली. स्क्रू ड्रायव्हर कडेला लावून हळू ठोकल्यावर टक् करून सुटली, तेव्हा लायनिंगचा एक तुकडा फ्लायव्हीलवरच राहिला आणि बाकी पृष्ठभागावर तिची गोल नक्षी गंजात छापलेली दिसली. इतके दिवस पेडल दाबूनही क्लच का सुटत नव्हता, ते त्या नक्षीत होतं.

दुसऱ्या दिवशी क्लच सेट, रिलीज बेअरिंग आणि दोन्ही एक्सल सील घेऊन गेलो. पॉलिश पेपरनं फ्लायव्हील पोरानं घासलं, तासभर. प्लेट मध्यावर बसवायला उद्यमनगरातल्या टर्नर मित्रानं लेथवर करून दिलेला नायलॉनचा दांडा माझ्याकडे आहे, तो मी त्याच्या हातात दिला. गिअरबॉक्स चढवताना जॅकवर तो होता, मी फक्त फटीकडे बघत होतो. "काका, वर घेऊ?" "थांब. मागच्या चाकांचे दगड बघ, स्टँड बघ, मग घे." प्रत्येक वेळी त्यानं आधी स्टँड हलवून बघितला.

संध्याकाळी नवीन गिअर ऑईल भरलं, क्लच केबल ताणून घेतली. इंजिन सुरू ठेवून त्यानं क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. आवाज नाही. गाडी हळूच मागे सरकली, तेव्हा वहिनी अंगणातल्या विटा एकेक उचलून भिंतीपलीकडे ठेवत होत्या.