शेवटी कागदावरच आले

एअर फिल्टर हा काय लिहायचा विषय आहे, असं नवरा म्हणाला. पण बॉनेटखालच्या त्या काळ्या डब्यात काय घालायचं यावरून माझं मत चार वर्षांत तीनदा फिरलंय, म्हणून लिहितेच.

पहिला मोह कापडी फिल्टरचा. सुती जाळीचे एकावर एक थर, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी, वर लाल तेल. धुवायचा, वाळवायचा, तेल लावायचं, परत बसवायचा. फेकायची वस्तू धुऊन वापरता येते म्हटलं की माझा विवेक सुटतो. पहिल्यांदा धुतला आणि डोक्यावर तेल थापावं तसं थापलं. दोन दिवसांनी सिग्नलला उभी असताना गाडी गचके द्यायला लागली, चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी 0171, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. मेकॅनिकने फिल्टरमागचा हवा मोजणारा सेन्सर काढला, आतल्या तारेकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "ताई, तेल किती घातलंत?"

ही तार तापवलेली असते. वाहती हवा तिला थंड करते आणि ती किती थंड झाली यावरून इंजिनचा कॉम्प्युटर हवा किती आली ते ठरवतो. तारेवर तेलाचं पुट आणि त्यावर धूळ बसली की हवा खरी असते त्यापेक्षा कमी दिसते, मग पेट्रोलही कमी सुटतं. सेन्सरसाठीच्या स्प्रेने साफ केल्यावर गाडी ताळ्यावर आली. काही गाड्यांमध्ये तारेऐवजी दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे ही कटकट नाही. आणि दोष फिल्टरचा कमी, माझ्या सढळ हाताचा जास्त.

तरीही मी कापडी फिल्टर सोडला तो दुसऱ्याच कारणाने. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण 9,000 लिटर हवा लागते. ती सगळी या एका फिल्टरमधून जाते. फिल्टर तपासायची पद्धत आयएसओ 5011 या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहे: मोजून धूळ सोडायची, किती अडकली ते वजन करून बघायचं. खोक्यांवर 98 टक्के, 99 टक्के असे आकडे वाचले की दोन्ही सारखेच वाटतात. पण अडकलेली धूळ बघायचीच नाही, निसटलेली बघायची. 100 ग्रॅममधली एकातून दोन ग्रॅम निसटते, दुसऱ्यातून एक. म्हणजे इंजिनात दुप्पट धूळ. आणि ती धूळ म्हणजे बरीचशी क्वार्ट्झ, काचेवर ओरखडा काढणारी. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक कण पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या मधे जाऊन घासकाम करतात. हवा मोकळी खेळते म्हणून कापडी फिल्टरचं कौतुक होतं. जाळी मोकळी असेल तर हवेबरोबर आणखी कोण आत येतं हेही विचारायला हवं ना.

फोमचा मी फार विचार केला नाही. चिखलमातीत पळवायच्या बाइकना तो चांगला, तेल लावलेला जाड फोम भरपूर धूळ पोटात घेतो. पण दादाच्या जुन्या बाइकचा डबा उघडला तेव्हा फोमला बोट लावताच भुगा झाला. तो भुगा पुढे कुठे जातो, ते सांगायला नको.

मग राहिले कागद आणि सिंथेटिक, म्हणजे पॉलिस्टरसारख्या तंतूंचा. फिल्टरचा कागद वहीच्या कागदासारखा नसतो, सेल्युलोजच्या तंतूंना रेझिन पाजून तो कडक केलेला असतो. ओलाव्यात तो पॉलिस्टरइतका तग धरत नाही. तुमची गाडी सतत दमट हवेत किंवा पावसात धावत असेल तर सिंथेटिक किंवा दोन्ही मिसळलेलं घ्या. माझी तशी नाही, म्हणून कागद.

पण कागद-कागदातही फरक. एकाच मापाचे दोन फिल्टर टेबलावर ठेवून मी चक्क घड्या मोजल्या. एकाच्या 62, दुसऱ्याच्या 41. पहिल्याची घडी 4 सेंटीमीटर खोल, 18 सेंटीमीटर लांब. उलगडला तर जवळजवळ 0.9 चौरस मीटर कागद! 41 घड्यांचा 0.6 च्या आतच. तो लवकर चोंदणार. कडेचं रबरही दाबून बघितलं. 62 वाल्याचं मऊ, बोट काढलं की वर येणारं. दुसऱ्याचं टणक. कडेतून हवा निसटली तर आतला कागद सोन्याचा असला तरी उपयोग शून्य. डब्याच्या इंजिनकडच्या बाजूला पांढरं फडकं फिरवा, काळं निघालं तर तिथून चोरवाट आहे.

बाबांशी मात्र वाद मिटत नाही. दर महिन्याला फिल्टर काढून कॉम्प्रेसरने फुंकायचा, नाहीतर मायलेज पडतं, हे त्यांचं ठाम मत. कार्बोरेटरच्या काळात ते खरंच होतं. आताच्या इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल सोडतो त्या गाड्यांवर अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये चाचण्या केल्या, तेव्हा चोंदलेल्या फिल्टरने पिकअप कमी झाला, मायलेजमध्ये फारसा फरक पडला नाही. शिवाय थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा जास्त धूळ अडवतो, कारण बसलेली धूळच नव्या धुळीला गाळते. जोराची हवा मारून आपण तो थर घालवतो आणि कधी कधी कागदही फाडतो. हे मी सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." आणि कॉम्प्रेसरची पाइप गुंडाळून ठेवली नाही.

उरलेलं लाल तेल त्यांनी दारांच्या बिजागऱ्यांना लावून संपवलं. ते मुळात धूळ चिकटावी म्हणूनच केलेलं तेल. आता घरातल्या प्रत्येक बिजागरीला लालसर मिशा आल्या आहेत.