रत्नागिरीतली खरेदी परिषद आणि थकलेले बिल

मांडवी एक्सप्रेसने रत्नागिरीला जाताना मी एका ग्राहक कंपनीच्या लेखा विभागाशी थकलेल्या बिलाविषयी बोलत होतो आणि बोलणे मुद्द्यावर येते न येते तोच गाडी साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात शिरली. बाहेर आल्यावर तिकडून फोन कोणी उचलला नाही. आमची छोटी कंपनी खरेदी विभागांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. दरपत्रके मागवण्यापासून पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल एकमेकांशी ताडून पाहण्यापर्यंतची कामे त्यात होतात. याच विषयावरच्या परिषदेत आम्ही स्टॉल घेतला होता.

सकाळच्या सत्रात एका मोठ्या उद्योगाच्या खरेदीप्रमुखांनी उलट्या लिलावाचे गुण गायले. ठरलेल्या वेळेत सर्वांत कमी बोली पडद्यावर दिसत राहते, पुरवठादार एकमेकांच्या खाली उतरत जातात आणि दर घसरतो. सरकारी खरेदीसाठी 2016 मध्ये सुरू झालेल्या जेम पोर्टलवरही ही सोय आहे. पैसे किती दिवसांत देता, असे एकाने विचारले तेव्हा त्यांनी प्रसन्न चेहऱ्याने नव्वद दिवस असे उत्तर दिले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे 2006 चा कायदा सांगतो. सभागृहातल्या बहुतेक विक्रेत्यांना ते पाठ असावे, पण कोणी बोलले नाही. ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी आहे त्याच्याकडे व्याज मागण्याचे धाडस माझ्यातही नाही.

मासळीचे मिरकरवाडा बंदर इतक्या जवळ असताना जेवणात पनीर आणि मंचुरियन ठेवणाऱ्या आयोजकांविषयी अधिक न लिहिलेलेच बरे.

दुपारी स्टॉलवर आम्ही विक्रेते एकमेकांनाच माहितीपत्रके देत बसलो होतो. तेवढ्यात आंब्याचा पल्प काढणाऱ्या एका कारखान्याचे खरेदी अधिकारी आले आणि पुढचा बराच वेळ तिथेच थांबले. मे महिना असल्याने त्यांच्याकडे कॅनिंगच्या आंब्याची आवक जोरात होती. मी उत्साहाने उलट्या लिलावाचा पडदा उघडला, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो साहेब, आमच्याकडे भाव रोज सकाळी फाटकावर लागतो. बागायतदार क्रेट उतरवण्याआधी दोन गोष्टी विचारतो, किलोचा भाव काय आणि पैसे कधी. दुसऱ्याचे उत्तर लांबले, तर गाडी शेजारच्या कारखान्यात जाते." झाडावरून उतरवलेला हापूस थांबत नाही, त्यामुळे बागायतदाराला विकण्याची घाई असते; पण हंगाम चार आठवड्यांत आटोपतो आणि यंत्रे रिकामी ठेवून चालत नाही, म्हणून कारखान्यालाही त्याची तितकीच गरज असते. सकाळच्या भाषणात हा दुसरा भाग कुठेच नव्हता.

कोणाचे पैसे किती दिवस राहिले आहेत, हे रोज सकाळी मालकांना मोबाईलवर दिसेल का, असे त्यांनी विचारले. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बचतीचे अनेक रंगीत तक्ते आहेत, परंतु थकबाकीचा असा पडदा आजवर कोणत्याही ग्राहकाने मागितला नव्हता. महिन्याभरात तो तयार करून देण्याचे मी मान्य केले. त्यावर त्यांनी लगेच आमच्या दरात वीस टक्के सवलत मागितली, मी बारापर्यंत आलो आणि बिल मिळाल्यापासून आठ दिवसांत पैसे, ही अट त्यांनी स्वतःच्या हाताने आमच्या दरपत्रकावर लिहून दिली.