क्वीन गेली, आता कव्हर

कॅरममध्ये क्वीन, म्हणजे लाल सोंगटी, घेतली की लगेच कव्हर द्यावं लागतं. तिच्या मागोमाग आपली सोंगटी पॉकेटमध्ये गेली तर क्वीन आपली, नाहीतर ती परत बोर्डाच्या मध्यावर. स्पर्धेत एका फटक्याला १५ सेकंद मिळतात. मी ठाण्यात लहानपणापासून कॅरम खेळत आले आहे, आणि आता संध्याकाळी वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना शिकवते. मनाच्या तयारीबद्दल मला जे थोडंफार कळलं आहे ते क्वीन आणि कव्हर यांच्यामधल्या त्या १५ सेकंदांनी शिकवलं आहे.

कबड्डीत छाती धडधडली तरी चढाईत ती धडधड वापरली जाते, पाय आणखी चपळ होतात. धावणाऱ्याचंही तसंच. कॅरम खेळणारा मात्र खुर्चीत बसून असतो. अंगात चढलेल्या ॲड्रेनलिनला जायला वाट नसते. बोटं गार पडतात, तळवा ओला होतो, त्यावर पावडर चिकटते. आणि जेमतेम १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरला किती जोर द्यायचा हे त्याच बोटांनी ठरवायचं असतं. नेमबाजांचंही हेच दुखणं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकणारा आपला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे फायनलच्या सकाळी नुसता काळा चहा पिऊन गेला होता, पोटात काही जातच नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी आमच्या मुलांना मुद्दाम सांगितलं. पदक घेणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो, हे त्यांना माहीत असायलाच हवं.

आमच्याकडे आठवीतली एक मुलगी आहे. तिचा कट, म्हणजे सोंगटीला कडेने लावायचा फटका, इतका सफाईदार की मोठी माणसं खेळ थांबवून बघतात. एका स्पर्धेत शेवटच्या बोर्डाला, म्हणजे शेवटच्या डावात, तिने क्वीन घेतली आणि कव्हरची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशीच होती. सरावात ती अशी सोंगटी बोलता बोलता घालते. त्या दिवशी हात थरथरायला लागला. मागून तिचे बाबा म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस गं, आरामात." अंपायरने त्यांना गप्प केलं, पण तिच्या कानावर ते गेलंच होतं. स्ट्रायकर सोंगटीला नुसता घासून गेला.

नंतर बाहेर पायरीवर बसलो होतो. ती म्हणाली, "मावशी, हात थांबतच नव्हता."

"तू काय केलंस मग?"

"थांब, थांब, असं म्हणत राहिले ना."

फटका बिघडला तो तिथे, असं माझं ठाम मत आहे. तिच्या हाताला तो फटका पाठ आहे. बोट कुठून सुटतं, किती वाकतं, हे ती एरवी बघतसुद्धा नाही. भीती वाटली की आपण बोटावर पहारा बसवतो, आणि पाठ झालेली गोष्ट एकेक अक्षर तपासत म्हणायला लागलं की कुणीही अडखळतो. शिवाय भीती घालवण्याचं आणखी एक काम आपण स्वतःच्या मागे लावून घेतो. त्या १५ सेकंदांत दोन कामं होत नाहीत.

म्हणून मी मुलांना सांगते, थरथर राहू दे. लक्ष दुसरीकडे ने. कुठे न्यायचं त्याची सोय खेळाच्या नियमातच आहे. स्ट्रायकर बेसलाइनच्या दोन्ही रेघांना टेकलेला असावा लागतो. तेव्हा आधी पुढची रेघ बघायची, मग मागची. दोन्हीला टेकला? आता नजर सोंगटीवर. जिथे मारायचं तो तिच्या कडेवरचा ठिपका शोधायचा आणि श्वास सावकाश सोडायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे शरीराचं साधं गणित आहे. श्वास सुटत आला की फटका. रोजच्या सरावात प्रत्येक फटक्याला हे असंच करायचं, अगदी सोप्या सोंगटीलाही. फायनलच्या दिवशी पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही.

त्याहून अवघड असतं समोरच्याची पाळी बघत बसणं. त्याच्या चार-पाच सोंगट्या ओळीने जातात आणि आपल्याला हातसुद्धा हलवता येत नाही. मन लगेच निकालापर्यंत धावतं, किंवा मघाशी चुकलेल्या फटक्याकडे परत जातं. मी त्याला काम देते. आत्ता पाळी माझ्याकडे आली तर पहिली कुठली घेईन? समोरच्याचा प्रत्येक फटका झाला की उत्तर बदलायचं. भीती जात नाही, पण तिला एकटं बसायला जागा उरत नाही.

राग वेगळा. भीतीने फटका तोकडा पडतो, रागाने जोरात जातो, आणि मग सोंगटीऐवजी स्ट्रायकरच पॉकेटमध्ये जाऊन ड्यू, म्हणजे दंड, बसतो. रागावलेल्या मुलाला मी श्वासाबद्दल काही सांगत नाही, त्या वेळी त्याला ते ऐकूच येत नाही. पाळी संपली की बोटं रुमालाने एकेक करून पुसायची, एवढंच सांगून ठेवलं आहे.

३० ऑक्टोबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या, समोर ३३९ चं लक्ष्य होतं. मी टीव्हीसमोर बसून तिच्याकडेच बघत होते. पन्नास झाले, शंभर झाले, तिने जल्लोष केला नाही. सामना अजून जिंकायचा होता. जिंकल्यावर मात्र ती मनसोक्त रडली, आणि त्या स्पर्धेत आपल्याला चिंतेने किती घेरलं होतं, रोज कसं रडू यायचं, हेही तिने सगळ्यांसमोर सांगितलं. त्याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळलं होतं. ही बाई मला फार मोठी वाटते, आणि तिच्या धावांइतकीच त्या बोलण्यासाठी. आमच्या हॉलमधल्या मुलींना आता "मला भीती वाटते" म्हणायला लाज वाटत नाही, याचं बरंचसं श्रेय मी तिला देते.

सध्या आम्ही शेवटचा अर्धा तास फक्त क्वीन आणि कव्हर खेळतो. बाकीची मुलं बोर्डाभोवती उभी राहतात, एक जण मोठ्याने सेकंद मोजतो. आठवीतली ती मुलगी आता रेघा बघताना ओठ हलवते, "पुढची, मागची". तिच्या बाबांनी मला विचारलं, मग मी काय बोलू तिला? मी म्हटलं, सामन्याआधी तिचा रुमाल आठवणीने द्या, आणि खेळ सुरू झाला की तिला दिसणार नाही अशा खुर्चीवर बसा. बाकीच्या पालकांनाही माझं हेच सांगणं आहे. शनिवारी सरावाला येणार असाल तर खुर्च्या मागच्या भिंतीला लावलेल्या असतील.