मग व्हाँतू?

एकदा तरी तुम्हा राईडच्या मंडळींना नीट उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसलेय. व्हाँतू म्हणजे फ्रान्सच्या प्रोव्हान्समधला, सायकलवाल्यांत गाजलेला डोंगर. "चार वेळा प्रोव्हान्सला सायकल चालवायला गेलीस आणि व्हाँतू नाही केलास?" रविवारच्या राईडला बोपदेव घाटाच्या माथ्यावर चहा घेताना हा प्रश्न ठरलेला. नव्यानं ओळख झालेले अदबीनं विचारतात, जुने हक्कानं. मी दर वेळी एकच सांगत आले: वारा होता. मिस्त्राल, तिथला उत्तरेचा जोराचा वारा. 2016 साली टूर द फ्रान्सलाही वाऱ्यामुळे टप्पा शिखरापासून सहा किलोमीटर खाली आणून शाले रेनार या ठिकाणीच संपवावा लागला, तिथे माझी काय कथा?

यातलं टूरबद्दलचं सगळं खरं आहे. माझ्याबद्दलचं अर्धंच.

तीनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, वीस तासांच्या आत पुरी केलेली बाई एकवीस किलोमीटरच्या चढापुढे हात टेकते, हे तुम्हाला पटत नाही, ते मला कळतं. मलाही पटलं नव्हतं. 2018 च्या जूनमध्ये पायथ्याच्या बेद्वाँहून सकाळी सात वाजता निघाले तेव्हा गावात पानही हलत नव्हतं. घरमालकीणबाई दारात येऊन एवढंच म्हणाल्या होत्या, "वर वारा आहे." मी मान डोलावली. सुरुवातीचे पाचेक किलोमीटर द्राक्षमळ्यांतून, अगदी सौम्य. मग सेंत-एस्तेवचं ते डावं वळण आणि तिथून जंगल: नऊ-दहा किलोमीटर सलग, नऊ-दहा टक्क्यांचा चढ, दम घ्यायला सपाटी कुठेही नाही. सिंहगड चढणाऱ्यांना चढ ठाऊक असतो, पण सिंहगडावर मधे मधे श्वास परत मिळतो. इथे मिळत नाही. तरीही सांगते, जंगलात मी छान चढले. पाय शाबूत होते. डोंगर उत्तरेचा वारा अडवून उभा असतो, त्यामुळे झाडीत तो कळतच नाही.

शाले रेनारला, सुमारे 1400 मीटरवर, झाडं संपतात. पुढे फक्त पांढरी खडी. आणि त्या खडीवरच्या प्रत्येक वळणाला वारा बाजूनं येऊन सायकल ढकलतो. मी चढत राहिले. शिखरावरचा पांढरा मनोरा आता इतका जवळ दिसत होता की हात लांबवावा. शिखराच्या दीडेक किलोमीटर अलीकडे उजव्या हाताला ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसनचं स्मारक आहे. 13 जुलै 1967 ला, टूरमध्ये, भर उन्हात, अंगात उत्तेजकं असताना तो इथे सायकलवरून कोसळला आणि गेला. 29 वर्षांचा होता. पायऱ्यांवर लोक पाण्याच्या बाटल्या, टोप्या ठेवून जातात. तिथे मी पाय टेकला. आदरानं टेकला असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

सायकल हातात धरली होती तरी तिचं पुढचं चाक वाऱ्यानं उचललं जात होतं. मी पायऱ्यांच्या आडोशाला बसले. किती वेळ, ते आठवत नाही. पाच-सात जण वर गेले. एक जण सामानानं लादलेली सायकल ढकलत होता. मग एक बाई आल्या, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या असतील, पाठीवर पांढरी वेणी. चालण्याच्या वेगानं, हँडलवर पार वाकून. माझ्याकडे बघून "आले, आले!" म्हणाल्या. फ्रेंचमध्ये म्हणजे चल, चल. वळणाआड जाईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग उठले आणि सायकल खाली वळवली.

इटालियन कवी पेत्रार्क 26 एप्रिल 1336 ला हाच डोंगर चढला. वाटेत एका म्हाताऱ्या मेंढपाळानं त्याला परत फिरायची खूप विनवणी केली, असं त्यानं पत्रात लिहून ठेवलंय. मला परत फिर म्हणणारं कुणी नव्हतं. उलट चल म्हणणारी होती.

चढाची भीती नव्हती. भीती उताराची होती. 2015 मध्ये सिंहगडावरून उतरताना ओल्या वळणावर मी पडले, खांद्याजवळचं हाड मोडलं, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तेव्हा तुम्हीच मला रिक्षात घातलंत. तीन महिन्यांत परत सायकलवर आले म्हणून कौतुकही केलंत. पण त्यानंतर प्रत्येक मोठ्या उतारावर माझी बोटं ब्रेकवर गोठतात, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या पायरीवर बसून मी वर बघतच नव्हते. या वाऱ्यात ही वळणं उतरायची कशी, तेवढंच डोक्यात होतं. वर गेले तर उतार आणखी दीड किलोमीटरनं वाढणार, एवढाच हिशोब.

आणि मी उतरलेच नाही. चालले. सायकलच्या बुटांत, टाचांवर तोल सावरत, साडेचार किलोमीटर, शाले रेनारपर्यंत. वर येणाऱ्यांपैकी एक जण थांबला, पंक्चर का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले. तो सायकलवरून उतरला. एवढ्या चढावर लय मोडून कुणी उतरत नाही, पण तो उतरला, नवी ट्यूब काढली आणि माझं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग पुढचं. दोन्ही टणक. माझ्याकडे पाहिलं, ट्यूब परत खिशात ठेवली, म्हणाला, "सावकाश जा." आणि पेडल मारत निघून गेला. आज इतक्या वर्षांनीही पुण्यात कुणी ट्यूब पुढे केली की मला त्याचा अंगठा दिसतो.

शाले रेनारला पोचल्यावर फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं: "मिस्त्राल! टूरही इथेच थांबली होती." तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिलेत.

दुसऱ्या दिवशी परत निघणं शक्य नव्हतं, गाडीचं तिकीट चार दिवसांनंतरचं. नकाशा उघडला आणि ज्या रस्त्यावर तीव्र उतार नाही असा रस्ता शोधला. तो नेस्कच्या दरीचा निघाला. व्हिल-स्यूर-ओझोंपासून दरीच्या काठानं, कातळात कोरलेल्या छोट्या बोगद्यांतून, इतका हळू चढणारा रस्ता की चढतोय हे मागे बघितल्यावर कळावं. गाड्या जवळजवळ नाहीत. 734 मीटरवर कठडा आहे, समोर दरीपल्याड मेणाचा कडा. मेण मधमाश्यांचं. आपल्याकडे आग्या मोहोळांचे कडे असतात, तसाच. तिथे बसून मी आदल्या दिवशीचं रडू रडले आणि मग पाव-चीज खाल्लं. पुढे सो गावाचं पठार: लव्हेंडर तेव्हा अजून निळसर-हिरवं, फुलायला दोन-तीन आठवडे होते, आणि मधे मधे एपोत्रची शेतं. हा फार जुना गहू, आपल्या खपलीच्या नात्यातला. सोच्या बाजारात पिशवीभर घेतला. पुण्यात त्याची खीर केली, ती तुमच्यातल्या काहींनी खाल्लीय.

मग नेस्क झाली, तशी ल्युबेरोंची डोंगररांग झाली. रूसियोंची लाल-पिवळी गेरूची माती, पायांवर चढते आणि मोज्यांतून जात नाही. कालावों नदीकाठचा जुन्या रेल्वेमार्गाचा सायकलरस्ता. पों ज्युलियें, दोन हजार वर्षांचा रोमन पूल, ज्यावरून 2005 पर्यंत मोटारी धावत होत्या आणि आता फक्त माणसं आणि सायकली. 2022 ला दाँतेल द मोंमिरायच्या दातेरी सुळक्यांखालून स्युझेतला गेले आणि तो वळणांचा उतार पुरा सायकलवर बसून उतरले. बोटं गोठली, पण उतरले. हे आज पहिल्यांदा सांगतेय, कारण व्हाँतूच्या प्रश्नापुढे स्युझेत कुणी विचारत नाही.

2018 ची मी आज समोर आली तर म्हणेल, हे सगळं कोल्ह्याची द्राक्षं आहेत. शिखर जमलं नाही म्हणून दऱ्यांचं गुणगान. मी तिला सांगेन, अगं, एका दिवसात द्राक्षमळा, कातळ, लव्हेंडर, गहू आणि परत द्राक्षमळा, असा रस्ता व्हाँतूवर नाही. तिथे एकच गोष्ट आहे, वर. ती म्हणेल, पण हे रस्ते तू आवडले म्हणून निवडले नाहीस, भिऊन निवडलेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. नेस्कवर माझा जीव आहे, हे खरं. तो भीतीतून जडला, हेही खरं. एकानं दुसरं खोटं ठरतं का, यावर मी स्वतःशी अनेकदा भांडलेय. दर वेळी निकाल वेगळा.

आणि तुम्हालाही एक विचारायचंय. मी कामार्गच्या खारजमिनीत, भातशेतांच्या कडेनं, फ्लेमिंगोंच्या थव्यापाशी दिवसभर सायकल चालवून आले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "एलिव्हेशन किती?" म्हणजे एकूण चढ किती. शून्य होतं. त्यापुढे कुणी काही विचारलं नाही. मला वाईट वाटलं होतं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

सप्टेंबरात परत जातेय. या वेळी मुक्काम बेद्वाँला नाही, सोला घेतलाय. तिथून एक रस्ता नेस्कला उतरतो आणि दुसरा, बेद्वाँपेक्षा बराच सौम्य, लव्हेंडरच्या शेतांतून शाले रेनारला जातो. ब्रेकच्या वायर नव्या टाकून घेतल्यात. कुठल्या दिवशी कुठे वळायचं, ते अजून ठरवलेलं नाही.