मेलबर्नच्या थंडीत व्हीआरच्या शोधात

जूनअखेरीस इथे शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी लागते आणि नेमका त्याच दिवसांत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. बागेत जावं तर बोचरा वारा, समुद्रावर जायचं तर नावच काढू नका. साताऱ्याहून मावशीचा फोन आला की ती हमखास विचारते, "अगं, मग पोरं दिवसभर घरात करतात तरी काय?" या वर्षी आई-बाबाही इथे होते, त्यामुळे प्रश्न फक्त पोरांचा नव्हता. चौदा वर्षांची लेक आणि सत्तरीकडे झुकलेले आजोबा दोघांनाही एकत्र रमता येईल असं काहीतरी हवं होतं. ते आम्हाला व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायच्या आभासी दुनियेत सापडलं. मात्र चांगलं ठिकाण शोधणं हे एक वेगळंच काम आहे.

फोनवरच्या नकाशात जवळची व्हीआर केंद्रं शोधली की एकाच यादीत सगळं येऊन पडतं. मॉलमधल्या हलत्या खुर्च्या, कोडी सोडवून सुटायच्या एस्केप रूम, बोलिंगच्या शेजारी कोपऱ्यात ठेवलेलं एखादं यंत्र, सगळ्यांवर तोच शिक्का. फरक पडतो तो जागेने. खुर्चीत बसवून रोलर कोस्टर दाखवतात तो एक प्रकार. तीन-साडेतीन मीटरच्या चौकोनात एकट्याने उभं राहून खेळायचं हा दुसरा. आणि मोठ्या मोकळ्या दालनात, आपल्या पायांनी, चार-सहा जणांनी मिळून हिंडायचं तो तिसरा. त्याला इथे फ्री-रोम म्हणतात. शोधताना हा शब्द टाकला की यादी झटकन आखूड होते.

या तिसऱ्या प्रकाराशी मेलबर्नचं जुनं नातं आहे. झिरो लेटन्सी या कंपनीने 2015च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ मेलबर्नमधल्या एका गोदामात आपलं पहिलं केंद्र उघडलं. सुमारे 400 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात 4,300 चौरस फुटांची रिकामी फरशी आणि तिच्यावर एका वेळी सहा खेळाडू. पुढच्याच वर्षी हीच यंत्रणा टोकियोच्या जॉयपोलिस या मनोरंजन केंद्रात पोचली, आणि आता ती अनेक देशांत आहे. ज्या शहरात आपण राहतो तिथल्या गोदामात हे घडलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आम्ही झिरो लेटन्सीच्याच केंद्रात गेलो आणि गोळीबार नसलेला खेळ निवडला, इंजिनिअरियम नावाचा. हवेत तरंगणाऱ्या वाटांवरून चालायचं. वाट वळत वळत उभी होते, तरी आपण तिच्यावरून चालतच राहतो. खरी फरशी अर्थातच सपाट असते. बाबांनी चष्म्यावरच हेडसेट घातला, तिथल्या मुलीने मागची चकती फिरवून तो नीट बसवला आणि दोन बुबुळांमधलं अंतर जुळवून दिलं. हे अंतर मोठ्या माणसात सरासरी 63 मिलिमीटर असतं, पण प्रत्येकाचं निराळं, आणि ते जुळलं नाही तर चित्र पुसट दिसून डोकं चढतं. सुरुवातीला बाबा पाऊल टाकेनात. वाटेच्या कडेला खाली अथांग पोकळी दिसत होती. लेकीने त्यांचा हात धरला, "आजोबा, खाली बघू नका, माझ्याकडे बघा." तिच्या जागी त्यांना दिसत होती एक आभासी आकृती, हातात मात्र नातीचा खरा हात. मग दोघं चालायला लागले. कोणी कोणाच्या फार जवळ गेलं की डोळ्यांसमोर लगेच इशारा येतो, त्यामुळे धडकाधडकी झाली नाही.

बाबांची उभी हयात एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून गेली. खेळ संपल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मी कुठं उभा आहे हे त्या यंत्राला कळतं कसं?" तिथल्या मुलीने कौतुकाने समजावून सांगितलं. सुरुवातीच्या काळात छतावर आणि भिंतींवर शंभराहून जास्त कॅमेरे होते. ते खेळाडूच्या अंगावरचे चमकते गोळे टिपायचे आणि प्रत्येकाच्या पाठीवर सॅकमध्ये एक कॉम्प्युटर असायचा. आता कॅमेरे हेडसेटमध्येच असतात. ते भोवतालची जागा बघतात आणि त्यावरून स्वतःचं ठिकाण काढतात. पाठीवरचं ओझं गेलं, छताला लटकवायचं काही उरलं नाही. बाबांनी हेडसेट हातात घेऊन त्याची चारही भिंगं बोटाने मोजली आणि मगच परत दिला.

आईची मला जास्त काळजी होती. पसरणीच्या घाटात तिला दर वेळी गाडी लागते. गाडी लागते ती डोळे आणि कान यांच्या भांडणामुळे: कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय, डोळे म्हणतात समोरची सीट तर जागच्या जागी आहे. खुर्चीवरच्या व्हीआरमध्ये याच्या बरोब्बर उलटं होतं, डोळे डोंगरावरून खाली झेपावतात आणि शरीर बसलेलंच. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला तिथेही मळमळू शकतं. फ्री-रोममध्ये आपण जेवढं चालतो तेवढंच चित्र सरकतं, भांडणाला फारसं कारण उरत नाही. आईने पूर्ण खेळ केला आणि बाहेर येऊन चहा मागितला. तरीही ज्यांना चक्कर किंवा फिट येण्याचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. खेळण्याआधी सही करून घेतात त्या कागदावरही हे लिहिलेलं असतं.

याच्या आदल्या आठवड्यात आम्ही एका मॉलमधल्या यंत्रावर बसून आलो होतो. पट्टा सैल पडलेला, भिंगावर आधीच्या माणसाच्या कपाळाचा घाम, आणि पुसायला कोणी नाही. तेव्हापासून मी बुकिंगआधी फोन करते. फरशी किती मोठी, हेडसेट चष्म्यावर बसतो का, वयाची किंवा उंचीची अट काय, दोन गटांमध्ये हेडसेट पुसायला किती वेळ ठेवता. शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो, तिथे मी जात नाही.

पैशांचं सांगायचं तर फ्री-रोम स्वस्त नाही. पाऊण तासाच्या आतल्या खेळाला माणशी 50 डॉलरच्या आसपास धरा, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये. पाच जणांचं कुटुंब वारंवार जाऊ शकत नाही. मग आम्ही काय करतो? फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर फेडरेशन स्क्वेअरमध्ये एसीएमआय हे हलत्या चित्रांचं संग्रहालय आहे. 2021मध्ये ते नव्याने उघडलं. त्याचं कायमचं प्रदर्शन फुकट आहे आणि सिनेमाबरोबर व्हिडिओ गेमचा इतिहासही तिथे हाताळून पाहता येतो. शहराच्या मध्यात ट्रामला तिकीट लागत नाही, त्यामुळे तो दिवस डब्याच्या खर्चात निघतो. शिवाय कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लायब्रऱ्यांचं सुट्टीतलं पत्रक न चुकता वाचा. काही ठिकाणी मुलांना हेडसेट हाताळायला देतात. आणि टाइमझोन हे गेम पार्लर तर मुंबई-पुण्याच्या पोरांना ठाऊकच आहे. ते मूळचं ऑस्ट्रेलियातलंच, 1978मध्ये पर्थला सुरू झालेलं.

त्या दिवशी व्हीआर खेळून परतताना ट्राममध्ये बाबा गप्प होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "छताला कॅमेरे लागत नाहीत म्हणजे नुसता सपाट हॉल पुरे ना?" मी हो म्हटलं. "मग आपल्याकडे मुहूर्त नसतात तेव्हा मंगल कार्यालयं महिनोन्‌महिने रिकामीच असतात की." तेव्हापासून ते रोज एक नवा प्रश्न काढतात: वीज गेली तर हेडसेट किती वेळ चालेल, फरशी चकचकीत असली तर कॅमेरे गोंधळतील का, पोरांना साताऱ्यात किती रुपये परवडतील. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी पुढच्या फेरीत तिथल्या मुलीला विचारणार आहे. तिसऱ्याचं उत्तर तुमच्यापैकी कोणी तिकडे असा हॉल चालवत असेल तर बाबांना जरूर कळवा.